विद्युत-सायकलीचा गृहपरिपाठ : वर्तकनगरातील काही विधी व निषेध

विजेवर चालणारी सायकल, जिला तरुण मंडळी ई-सायकल आणि घरातील ज्येष्ठ ‘ती बॅटरीची’ असे म्हणतात, ही रस्त्यावरून धावत असली तरी कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन नव्हे, ही गोष्ट तिच्या निगेचा विचार करताना आरंभीच ध्यानात घ्यावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील व्याख्येनुसार ज्या विजेरी वाहनाच्या मोटारीची तीस मिनिटांच्या कसोटीवर मोजलेली शक्ती पाव किलोवॅटपेक्षा कमी आहे आणि ज्याचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे, ते मोटार वाहन गणले जात नाही. त्यामुळे त्याला नोंदणी नाही, नंबरप्लेट नाही, चालकाला परवाना नाही, आणि ज्याअर्थी परवाना नाही त्याअर्थी त्या वाहनाविषयी काही माहिती असण्याचीही सक्ती नाही. पाव किलोवॅट म्हणजे अडीचशे वॅट. स्वयंपाकघरातील मिक्सर पाचशे ते साडेसातशे वॅटचा असतो हे लक्षात घेतले, तर ओल्या नारळाची चटणी वाटायला जेवढी शक्ती लागते तिच्या निम्म्याहूनही कमी शक्तीवर एक प्रौढ गृहस्थ, त्याचा डबा आणि पाठीवरची सॅक असा सगळा संसार पोखरण रस्त्याचा चढ चढून जातो, असे म्हणावे लागते.

वर्तकनगर हे या अभ्यासाचे क्षेत्र म्हणून योग्य ठरते, याची कारणे मुख्यतः भौगोलिक आहेत. ठाणे स्थानकापासून काही किलोमीटरवरची, पोखरण रस्ता क्रमांक एकच्या आधाराने वाढलेली ही म्हाडाची वसाहत अशा बेताने वसली आहे की, तेथून स्थानक चालत जाण्यास लांब आणि शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहण्याइतके मात्र लांब नाही असे रहिवाशांना वाटते; उलट दिशेला उपवन तलाव आणि त्यापलीकडे येऊरचा चढ असल्यामुळे रविवारी पहाटे प्रकृती सुधारण्याचा संकल्प सोडणाऱ्यांनाही हे वाहन सोयीचे पडते. एकीकडे लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारती आणि दुसरीकडे पुनर्विकासातून उभे राहिलेले मनोरे अशी येथील वस्तीची आजची घडण आहे. वीस-पंचवीस किलोची सायकल तिसऱ्या मजल्यावर नेणे शक्य नसल्यामुळे सायकल खाली, बॅटरी वर आणि किल्ली कोठे तरी अशी विभागणी जुन्या इमारतींत रूढ झाली आहे, तर मनोऱ्यांत सायकल लिफ्टमधून नेता येईल एवढी लिफ्ट आहे, पण तशी परवानगी नाही.

सायकल ही वस्तू या परिसराला नवी नाही. शेजारची वागळे इस्टेट, जेथून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या कार्याला १९६२ मध्ये आरंभ झाला, तेथील पाळ्यांना जाणाऱ्या कामगाराची काळी सायकल वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंगला जाई, आणि उरलेले वर्ष हवा व तेल यांपलीकडे तिच्याकडे कोणी पाहत नसे. त्या सायकली टिकल्या, एवढेच नव्हे तर त्यांतील काही अजून दूध घालतात. विजेची सायकलही वाटते तितकी नवी नाही, कारण मागच्या चाकाच्या तुंब्यातच मोटार बसवलेल्या दुचाकीचे पेटंट ऑग्डेन बोल्टन या अमेरिकन गृहस्थाला ३१ डिसेंबर १८९५ रोजी मिळाले होते. पॅडल मारणाऱ्याला मोटारीने हळूच हातभार लावावा ही आजची कल्पना मात्र यामाहा कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणली. मधल्या जवळजवळ शंभर वर्षांत या वाहनाने काय केले, याचे उत्तर चांगल्या बॅटरीची वाट पाहिली, असे आहे. ती बॅटरी, म्हणजे लिथियम-आयन, १९९१ मध्ये सोनीने व्यापारी स्वरूपात आणली, आणि तिच्या शास्त्रज्ञ जनकांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

या यंत्राची रचना पाहता त्याचे दोन भाग सरळ वेगळे पडतात. बॅटरी, मोटार आणि कंट्रोलर, म्हणजे मोटारीला वीज किती व केव्हा द्यायची हे ठरवणारी छोटी पेटी, हा विजेचा भाग कारखान्यातूनच बंदिस्त होऊन येतो, आणि त्याच्या बाबतीत मालकाचे कर्तव्य बहुतांशी काही न करण्याचे असते. टायर, चेन, ब्रेक आणि नट-बोल्ट हा सायकलचा भाग मात्र उघड्यावर असतो, झिजतो, सैल होतो, आणि त्याला दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटे तरी हात लावावा लागतो. धर्मशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर पहिल्या भागाला निषेध लागू आहेत आणि दुसऱ्याला विधी. (महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झाले, पण चार्जरसंबंधीचा आचार त्यांत येत नाही, आणि ही उणीव भरून काढण्याचे काम वर्तकनगरातील सोसायट्यांच्या कार्यकारिणींनी अंगावर घेतले आहे.) घरोघरच्या व्यवहाराचे वैशिष्ट्य असे की, तेथे जे करू नये ते अत्यंत निष्ठेने केले जाते आणि जे करावे ते पुढच्या रविवारवर ढकलले जाते. बॅटरीला रोज पुसले जाते, हाताने चाचपून तिचा ताप पाहिला जातो, तिच्यासंबंधी नातेवाइकांचे मत घेतले जाते. आणि त्याच सायकलच्या चेनवर गेल्या गणपतीनंतर तेलाचा थेंब पडलेला नसतो.

बॅटरीविषयी प्रथम सांगायचे ते असे की, ती एक वस्तू नसून अनेक लहान घटांचा समूह असते. बहुतेक सायकलींत वापरला जाणारा घट १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा असतो, असे दहा घट एकापुढे एक जोडले म्हणजे ३६ व्होल्ट मिळतात, आणि अशा काही माळा समांतर जोडून, वर एक इलेक्ट्रॉनिक पट्टी बसवून सर्व काही एका लांबट डब्यात बंद केले जाते. या पट्टीला बीएमएस म्हणतात. कोणता घट किती भरला, किती रिकामा झाला, कोण तापला, यावर देखरेख करून वेळ आली तर सर्वांचा पुरवठा तोडणे हे तिचे काम असते. एवढी दक्ष देखरेख डब्याच्या आत चालू असताना डब्याबाहेरही तितकीच देखरेख हवी, असे घरातील प्रत्येकाला वाटते. चार्जरवरील दिवा चार्जिंग चालू असताना लाल आणि पूर्ण झाल्यावर हिरवा होतो. तथापि लाल रंगाचा रूढ अर्थ धोका असाच असल्याने घरातील वडीलधारी व्यक्ती येता-जाता तो दिवा पाहते आणि बटण बंद करते, मग चिरंजीव ते चालू करतात, आणि अशा रीतीने चार-पाच तासांत होणारे चार्जिंग दोन पिढ्यांच्या सहकार्याने रात्रीच्या जेवणापर्यंत लांबते.

विशेष म्हणजे यात बॅटरीचे काहीच बिघडत नाही. लिथियमच्या घटांना तुकड्या-तुकड्याने चार्ज केलेले चालते, किंबहुना पूर्ण रिकामे होण्यापेक्षा आणि काठोकाठ भरून दिवसचे दिवस पडून राहण्यापेक्षा साधारण वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान राहणे त्यांना मानवते. बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये, ही समजूत निकेल-कॅडमियमच्या जुन्या घटांपासून आलेली आहे. त्या घटांना अर्धवट वापराची सवय लागून त्यांची धारणक्षमता घटल्यासारखी वागण्याची खोड होती. ते घट घराघरांतून केव्हाच गेले, पण त्यांचा आचार मागे राहिला, आणि आज वर्तकनगर नाक्यावर एखादा गृहस्थ बॅटरी संपवण्यासाठी म्हणून उगाचच दोन फेऱ्या मारताना दिसतो तो त्या निकेल-कॅडमियमचे श्राद्ध घालीत असतो.

निषेध खरे म्हणजे थोडेच आहेत. सायकल चालवून आल्याबरोबर गरम बॅटरी चार्जिंगला लावू नये, अर्धा तास थांबावे. ओली असल्यास पूर्ण कोरडी होऊ द्यावी. चार्जर त्याच बॅटरीबरोबर आलेला असावा, लॅपटॉपच्या चार्जरची पिन त्यात बसते एवढ्याने तो लावू नये. सर्व झोपलेले असताना रात्रभर लावून ठेवू नये. आणि चार्ज होत असलेली बॅटरी गादीवर, सोफ्यावर किंवा इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर न ठेवता उघड्या फरशीवर, बाहेर पडण्याच्या वाटेत येणार नाही अशी ठेवावी. हा शेवटचा नियम थट्टेचा नाही, कारण बिघडलेली लिथियम बॅटरी पेटली तर ती विझवणे घरातल्या बादलीच्या आवाक्यातले काम राहत नाही. अडचण एवढीच की, जुन्या म्हाडा सदनिकेत उघडी फरशी, मोकळा प्लग आणि बाहेरच्या वाटेपासूनचे अंतर या तीन गोष्टी एकाच जागी सापडणे कठीण असते, आणि ज्या एका जागी त्या सापडतात तेथे फ्रिज असतो. माहितीपुस्तिकेत याखेरीज शून्य अंश तापमानाखाली बॅटरी चार्ज करू नये असेही सांगितलेले असते, आणि हा एक नियम वर्तकनगरात एकमुखाने व कसोशीने पाळला जातो.

बॅटरी वर नेण्याचा कंटाळा आला म्हणजे ती खाली पार्किंगमध्ये चार्ज करण्याचा विचार पुढे येतो, आणि येथून पुढे निगेचा प्रश्न यंत्रशास्त्रातून निघून सहकार क्षेत्रात जातो. ३६ व्होल्ट आणि दहा अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत ३६० वॅट-तास, म्हणजे एका युनिटच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिक वीज मावते. चार्जरमधील गळती धरली तरी एका पूर्ण चार्जिंगला सुमारे ०.४ युनिट लागते, आणि महावितरणच्या घरगुती दराने त्याचे पैसे पाच रुपयांच्या आसपास किंवा त्याहून कमी होतात. ही रक्कम संस्थेच्या सामायिक मीटरवर पडावी की नाही, यावर कार्यकारिणीच्या बैठकीत जो चहा होतो त्याचा खर्च सायकलच्या महिन्याभराच्या विजेइतका सहज होतो. सेक्रेटरी स्वभावतः दुष्ट असतात असे नव्हे. परंतु आज सायकलला दिली तर उद्या स्कूटरला आणि परवा मोटारीला द्यावी लागेल, ही त्यांची भीती तर्कशास्त्राला धरून असते. विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा असे ठरते. दरम्यान पार्किंगमधील प्लगवर लाकडी झाकण बसवून त्याला कुलूप लावले जाते आणि त्या कुलपाची किल्ली वॉचमनकडे राहते, ज्याचा मोबाइल त्याच प्लगवर चार्ज होत असतो.

सायकलच्या भागाकडे वळल्यावर चित्र एकदम पालटते. येथील पहिला विधी हवेचा. ट्यूबच्या रबरातून हवा हळूहळू झिरपत असतेच, आणि ई-सायकल नेहमीच्या सायकलपेक्षा जड असल्यामुळे तिला कमी हवा अधिक बाधते. टायर थोडा बसला तरी मोटारीला जास्त ओढावे लागते, एका चार्जिंगमध्ये होणारे अंतर घटते, आणि मालक बॅटरी खराब निघाली असे समजून विक्रेत्याशी भांडू लागतो. किती हवा भरायची हे टायरच्या बाजूवर उठावदार अक्षरांत लिहिलेले असते. तरीही अंगठ्याने टायर दाबून ‘आहे, आहे’ असे म्हणण्याची रीत सार्वत्रिक आहे, आणि अंगठ्याचे हे माप घरातील व्यक्तीगणिक बदलत असल्यामुळे एकाच टायरमध्ये एकाच वेळी भरपूर, बेताची आणि मुळीच नाही अशी तीन प्रकारची हवा असू शकते. पूर्वीच्या सायकलींना रबरी नळीचा वॉल्व्ह असे, आजच्या बहुतेक ई-सायकलींना मोटारसायकलसारखा वॉल्व्ह असतो, त्यामुळे तिच्यात पेट्रोलपंपावरील यंत्राने हवा भरता येते. आणि म्हणून पेट्रोलचा कायमचा त्याग केल्याचे शेजाऱ्यांना सांगितलेले वाहन महिन्यातून दोनदा पेट्रोलपंपावर रांगेत उभे असते. पंपावरील कर्मचारी या वेळी जी नजर टाकतो ती फुकट हवेपेक्षा महाग पडते. साधारण मापकासह मिळणारा पायपंप घरी ठेवणे हा यावरील उपाय स्वस्त आहे; तो ज्या घरांत आहे तेथे तो शेजारच्या मुलांच्या फुटबॉलसाठी कायम बाहेर गेलेला असतो.

पुढचा विषय चेनचा, आणि तो तेलाच्या प्रश्नाशी बांधलेला आहे. चेनला तेल हवे ते बाहेरून चमकण्यासाठी नव्हे, तर प्रत्येक कडीतील पिन आणि तिच्याभोवतीची नळी यांच्यातील घर्षण कमी होण्यासाठी. म्हणून आधी कोरड्या फडक्याने चेन पुसावी, पॅडल उलटे फिरवीत कडीकडीवर थेंब सोडावा, पाच मिनिटे थांबावे आणि बाहेरचे सगळे तेल पुन्हा पुसून काढावे. या शेवटच्या क्रियेला घराघरांतून तीव्र विरोध आढळतो, कारण घातलेले तेल पुसून टाकणे हे काटकसरीच्या संस्कारात बसत नाही. मग ते तेल पोखरण रस्त्यावरील सगळी बांधकामाची धूळ गोळा करते आणि चेनवर जो काळा लेप तयार होतो तो घर्षण कमी करण्याऐवजी कानशीचे काम करू लागतो. तेल कोणते, याबाबत चार पंथ आहेत. खोबरेलाचा पंथ सर्वांत जुना. तो जानेवारीच्या पहाटे अडचणीत येतो, कारण खोबरेल थिजते. शिलाई मशीनच्या तेलाचा पंथ तत्त्वतः बरा, पण हे तेल फार पातळ असल्यामुळे पहिल्या पावसात धुऊन जाते. तिसरा पंथ गॅरेजमधून मागून आणलेल्या वापरलेल्या इंजिन ऑइलचा असून त्याच्या अनुयायांच्या उजव्या पायाच्या पँटवरून तो लांबूनही ओळखता येतो. चौथा पंथ डब्ल्यूडी-४० या फवाऱ्याचा. १९५३ मध्ये सॅन डिएगो येथील एका कंपनीने धातूवरील ओलावा हटवण्यासाठी तयार केलेल्या या द्रवाच्या नावातील चाळीस हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नात सूत्र जमल्याचा आहे. गंज सोडवण्यास आणि पाणी हाकलण्यास तो उत्तम, पण चेनमधील जुने तेलही तो धुऊन काढतो, आणि दुसरे तेल न घालता केवळ त्याच्यावर विसंबलेली चेन दोन दिवस मुकी राहून तिसऱ्या दिवशी किरकिरू लागते. सायकलच्या दुकानात चेनसाठीच म्हणून मिळणारे तेल घेणारा पाचवा वर्ग आहे, पण त्याची संख्या पंथ म्हणवण्याइतकी नाही.

चेन झिजली की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. चेनच्या एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते, तेव्हा चोवीस पिना पुढे मोजल्या म्हणजे बरोबर बारा इंच भरले पाहिजेत. ते बारा इंच आणि वर एक सोळांश भरले तर नव्या चेनची वेळ जवळ आली आणि एक अष्टमांश भरले तर ती टळून गेली, व आता दात्यांच्या चकत्याही बदलाव्या लागणार, असे समजावे. मोटारीचा जोर चेनवर येणाऱ्या मॉडेलांत ही झीज अधिक लवकर होते. या मोजणीसाठी बारा इंची स्टीलची पट्टी लागते. घरात सापडते ती कंपासपेटीतली सहा इंची, तीही प्लॅस्टिकची, आणि एका टोकाला चावलेली.

ब्रेकचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण येथे सायकलचा भाग आणि विजेचा भाग एकमेकांना भेटतात. बहुतेक ई-सायकलींच्या ब्रेकच्या दांडीत एक छोटे बटण असते. दांडी किंचित दाबली गेली की, ते बटण मोटारीचा पुरवठा तोडते, जेणेकरून एकीकडून ब्रेक आणि दुसरीकडून मोटार अशी झटापट होऊ नये. व्यवस्था शहाणपणाची आहे, परंतु ती आखणाऱ्याने भाजीची पिशवी विचारात घेतलेली नाही. सायंकाळी बाजारातून परतणारा गृहस्थ हँडलच्या उजव्या बाजूला कांदे-बटाट्यांची आणि डाव्या बाजूला पालेभाजीची पिशवी अडकवतो. पिशवीचा बंद घसरत ब्रेकच्या दांडीवर येतो, दोन किलो कांद्यांच्या भाराने दांडी दोन-तीन मिलिमीटर आत जाते, आणि मोटार बंद पडते. डिस्प्लेवर बॅटरीच्या सर्व कांड्या भरलेल्या, दिवा चालू, हॉर्न चालू, पण सायकल ओढेना. गृहस्थ पॅडल मारीत, धापा टाकीत घरी येतो, पिशव्या उतरवतो, आणि काय झाले ते दाखवण्यासाठी मुलाला खाली बोलावतो, तेव्हा सायकल व्यवस्थित चालते. दुसऱ्या दिवशी नुसती ऑफिसला नेली तरी चालते. शनिवारी पुन्हा बंद पडते. हा दोष फक्त संध्याकाळी येतो यावरून तो दमटपणाचा असावा, असे निदान शेजारचे निवृत्त अभियंता करतात. बॅटरी उघडून पाहावी असा सल्ला मेहुणा देतो. आणि काही घरांत कंट्रोलर बदलण्यापर्यंत मजल जाते. पिशवी कॅरिअरला लावावी, हा उपाय ज्या घरात सुचला तेथे तो बहुधा गृहिणीला सुचलेला असतो, कारण कांदे तिला हवे असतात आणि मोटारीविषयी तिला कुतूहल नसते.

डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी पोलादी चकती आणि तिला दोन्हीकडून चिमटणारे पॅड, यांचा एकच कडक निषेध आहे : चकतीला तेल, तूप, ग्रीस किंवा बोट लागता कामा नये. स्निग्ध पदार्थ पॅडमध्ये मुरला की ब्रेक धरत नाही आणि वर असा आवाज काढतो की, रस्त्यावरील कुत्री उत्तर देतात. चकती स्वच्छ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागते. ते नाही म्हणून २०२० सालापासून कपाटात पडून असलेले सॅनिटायझर वापरण्याची पद्धत आहे. पण हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात बहुधा ग्लिसरीन घातलेले असते, आणि ब्रेकच्या चकतीची त्वचा मुलायम राहावी अशी कोणाचीच इच्छा नसावी.

पावसाळ्याची गोष्ट थोडी विस्ताराने सांगावी लागते, कारण ठाण्याचा पाऊस हा निगेचा शत्रू नसून परीक्षक आहे. ई-सायकलच्या जाहिरातीत आयपी ही अक्षरे आणि पुढे दोन आकडे दिलेले असतात. हे आंतरराष्ट्रीय मानक असून त्यातील पहिला आकडा धुळीपासूनच्या आणि दुसरा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा असतो. दुसऱ्या जागी ४ असेल तर चोहोबाजूंनी उडणारे शिंतोडे, ५ असेल तर नळीतून येणारी धार, आणि ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडणे सोसवते असा त्याचा अर्थ होतो. यातील मेख अशी की, हा आकडा बॅटरीचा एक, मोटारीचा दुसरा आणि डिस्प्लेचा तिसरा असू शकतो, आणि जाहिरातीत स्वाभाविकपणे त्यांतला सर्वांत मोठा छापलेला असतो. शिवाय ही चाचणी प्रयोगशाळेतील स्वच्छ पाण्यात होते. वंदना टॉकीजपाशी जुलैत साचणारे पाणी, त्यातील रिक्षांनी उडवलेल्या लाटा आणि त्यांबरोबर येणारी माती यांचा विचार कोणत्याही मानकाने केलेला नाही. म्हणून चाकाच्या आसापर्यंत पाणी असल्यास सायकल त्यात घालू नये आणि घातलीच तर घरी आल्यावर बॅटरी काढून तिची व सायकलची जोडणीची टोके कोरड्या फडक्याने टिपावीत, एवढेच खरे. प्रत्यक्षात घरी आल्यावर चिखल दिसतो, चिखल पाहून कोणाला तरी पाइप आठवतो, आणि दिवसभराच्या पावसाने जे साधले नाही ते पाइपच्या धारेने दहा मिनिटांत साधते. मोटारीतून बाहेर येणारी वायर जेथे आसात शिरते त्या जागी नेम धरून धार सोडणारे लोक एरवी अत्यंत सौम्य प्रकृतीचे असतात.

पाऊस ओसरला की, आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, शस्त्रे आणि अवजारे यांची पूजा येते, आणि निगेच्या वार्षिक चक्रातील हा सर्वांत महत्त्वाचा दिवस मानावा लागतो, कारण या एकाच दिवशी घरातील सर्व पाने, पेचकस आणि षटकोनी किल्ल्या शोधून एका पाटावर मांडल्या जातात. सायकलच्या मागच्या चाकाचे नट बहुधा १८ मिलिमीटरचे असतात आणि मोटार आसाला पिळा देत असल्यामुळे ते महिन्यातून एकदा तपासून घट्ट करणे आवश्यक असते. तो पाना वर्षभर मिळत नाही, खंडेनवमीला मिळतो, पण त्या दिवशी तो पूजेत असल्यामुळे वापरता येत नाही. सायकलला आंघोळ, हळद-कुंकू, हार. झेंडूचा हार ताज्या फुलांचा असतो, दोरा मात्र नायलॉनचा, आणि फुले सुकून गळाल्यावर उरलेला दोरा मागच्या चाकात जाऊन आसाभोवती इतक्या सफाईने गुंडाळला जातो की, तो ब्लेडने कापूनच काढावा लागतो. तेलात कालवलेले कुंकू लावायला सपाट, चकचकीत, गोल जागा हवी असते, आणि तशी सायकलवर एकच असते, ती म्हणजे ब्रेकची चकती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोखरण रस्त्याच्या उतारावर जे करुण सूर ऐकू येतात त्यांचे मूळ येथे आहे.

पंक्चर हा प्रकार घरगुती निगेच्या कक्षेबाहेरचा मानला जात असला तरी मालकाची खरी कसोटी तेथेच लागते. पुढच्या चाकाचे पंक्चर कोणीही काढतो. मागच्या चाकात मोटार आणि तिची वायर पाहिल्यावर पंक्चरवाला हात पुसतो आणि ‘कंपनीत दाखवा’ असे म्हणतो. एखादा अनुभवी माणूस मात्र चाक न काढताच काम करतो, आणि ते पाहण्यासारखे असते : तो सायकल आडवी करतो, वायर वरच्या बाजूला येईल याची काळजी घेतो, टायरची एकच कड दोन पट्ट्यांनी उचकटून ट्यूबचा लागेल तेवढाच भाग बाहेर ओढतो, घमेल्यातील पाणी तिच्यावर हाताने मारून बुडबुडा शोधतो, जागा घासतो, सोल्यूशन लावून त्यावर फुंकर मारतो आणि ठिगळ बसवून वर हातोडीचा दांडा दाबून धरतो, मग टायरच्या आतून बोट फिरवून खिळा किंवा काच निघते का ते पाहतो, जे घरी पंक्चर काढणारे हटकून विसरतात आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतात. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन बारीक छिद्रे दिसली तर तो मालकाकडे वर न पाहता ‘हवा नव्हती’ एवढेच म्हणतो, कारण कमी हवेची ट्यूब खड्ड्याच्या काठावर रिमखाली चिमटली जाऊन होणारे हे पंक्चर असते. मालक या वेळी बॅटरी किती महाग आहे हे त्याला समजावून सांगत असतो.

काहीशे वेळा चार्ज झाल्यानंतर बॅटरीची क्षमता उतरत जाते आणि एक दिवस ती स्थानकापर्यंत नेते पण परत आणत नाही. नवी बॅटरी घेतली जाते. जुन्या बॅटरीचे काय करायचे यासंबंधी केंद्र सरकारचे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ स्पष्ट आहेत : उत्पादकाने ती परत गोळा करण्याची व्यवस्था करायची आणि ग्राहकाने ती इतर कचऱ्यात न मिसळता त्या व्यवस्थेकडे सोपवायची. भंगारवाल्याला हा प्रकार पटत नाही, कारण त्याचा बॅटरीचा अनुभव शिशाचा आहे. तो डबा हातात तोलतो, हलका लागतो म्हणून नापसंतीने खाली ठेवतो, आणि किलोवर जो भाव सांगतो तो मूळ किंमत ठाऊक असलेल्या कुटुंबाला अपमानास्पद वाटतो. विक्रेत्याकडे नेऊन द्यावी तर त्यासाठी एक शनिवार मोडावा लागतो. परिणामी ती पुसून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली जाते, आणि ठेवण्यापूर्वी ‘असू दे भरलेली’ म्हणून काठोकाठ चार्जही केली जाते, जे तर मुळीच करू नये. तिच्या शेजारी पहिल्या मोबाइलचे खोके आणि जुना स्टॅबिलायझर असतो. तिचा चार्जर मात्र अजून ठणठणीत असल्यामुळे तो टाकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.